बॉनेटवरचं नाक

आमच्या घरात बसायला खुर्ची नव्हती, पण अंगणात अमेरिकन मोटार होती. हे सांगितलं की माझी सून अजून माझ्या तोंडाकडे बघते, म्हातारी थापा मारतेय की काय म्हणून. थापा कशाला मारू? कासार आंबोलीच्या बौद्धवाड्यात, आमच्या दोन खणांच्या घरापुढे, शेवग्याच्या झाडाखाली ती उभी असायची. मोरपंखी रंगाची, दोनच दारांची, आणि पुढचं बॉनेट एवढं लांबरुंद की उन्हाळ्यात आईला त्यावर पापड वाळत घालायचा मोह व्हायचा. घातले मात्र कधी नाहीत. बाबांनी तिला माहेरी पाठवली असती.

बाबा ड्रायव्हर होते. गाव त्यांना नावाने कमी आणि 'डायवर' म्हणूनच जास्त ओळखायचं. भूगावच्या अलीकडे एका साहेबांचा बंगला होता, त्यांची गाडी बाबांनी उमेदीची सगळी वर्षं चालवली. साहेबांचं नाव सांगत नाही, नातवंडं आहेत त्यांची. ही गाडी त्यांनी कुठल्याशा परदेशी वकिलातीच्या लिलावात घेतली होती. आठ सिलिंडरचं इंजिन. बाबा म्हणायचे, "सुरू केली की वाघ गुरगुरल्यागत वाटतं." साहेब मुलाकडे परदेशात कायमचे निघाले तेव्हा ती बाबांच्या नावावर करून गेले. माया म्हणून, की पेट्रोल कडाडलं होतं आणि असला हत्ती पोसायला कोणी गिऱ्हाईक मिळेना म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. बाबा गाडी घेऊन घरी आले त्या दिवशी रडले होते. त्यानंतर ती उभीच. पौडाला जाऊन यायचं म्हटलं तरी टाकीचा काटा तळाला लागायचा.

उभी असली तरी तिचा मान होता. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं ते अंघोळ करून, पांढरा युनिफॉर्म आणि टोपी घालून, आणि गाडी चालवायचीच असेल तर. नुसतं सहज म्हणून नाही. हा नियम बाबांनी स्वतःलाही लावलेला होता. घरच्या पायजम्यात ते बाहेरून गाडी पुसायचे, काचा पुसायचे, चाकापाशी उकिडवे बसायचे, पण आत बूड टेकायचे नाहीत. शेजारची पोरं कधी दाराला लोंबकळली की त्यांचा आवाज पार ओढ्यापर्यंत जायचा.

आमचं घर तसं आवाजांचंच होतं. पहाटे आईचं भाकरी थापणं, मग वरच्या आळीतल्या म्हशींच्या गळ्यातल्या साखळ्या, मग गिरणीचं पुकपुक, आणि सगळ्यांत शेवटी एस. टी.चा हॉर्न, जो कधी साडेआठला वाजायचा तर कधी वाजायचाच नाही. खाणं म्हणजे नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, बाजारच्या दिवशी सुकट, आणि भातखाचरांत पाणी असलं की खेकड्यांचं कालवण. आई खेकडे पाट्यावर ठेचून त्यांचा रस गाळायची आणि तो आधणात सोडायची. तो वास आला की बाबा गाडी पुसायचं अर्ध्यावर टाकून येत. दुसऱ्या कुठल्याही कारणाने ते काम अर्ध्यावर सुटलेलं मला आठवत नाही. आता मुलगा खेकडे बाजारातून साफ करून आणतो. बरे लागतात. पण तो वास नाही, आणि मी उगाच आहे असं म्हणणार नाही.

मी बारावी सायन्स पास झाले तेव्हा घरात आनंद झाला आणि पंचाईतही झाली. पुण्याच्या एका कॉलेजात बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. प्रॅक्टिकल सकाळीच असायची आणि आमची एस. टी. पुण्यात पोचेपर्यंत ती आटोपलेली असणार. पुण्यात आमचं कोणी नव्हतं, म्हणजे एक वसंतमामा होता, आईचा धाकटा भाऊ, पण तो एका गॅरेजच्या माळ्यावर चौघांबरोबर राहायचा. तिथे मला कुठे ठेवणार? त्यातच आत्याने मारुंजीचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीला, घरची थोडी जमीन. आईचा जीव त्यात गुंतला. "पोरगी लई उंच हाय," ती म्हणायची, "दुसरं स्थळ काय रस्त्यावर पडलंय?" मला लग्नाचं वावडं नव्हतं, पण कॉलेज हवं होतं. फार हवं होतं. जेवण जायचं नाही इतकं हवं होतं. जून उजाडेपर्यंत काहीतरी सोय झाली तर कॉलेज, नाहीतर मारुंजी, असं आईबाबांचं ठरलं. माझ्यासमोरच ठरलं, मला कोणी विचारलं नाही.

सोय काढली वसंतमामाने. त्याच्या गॅरेजात मोडीत निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन पडलं होतं. "दाजी, तुमच्या हत्तीचं काळीज बदलू," तो म्हणाला. "डिझेल सस्तं हाय. डिकीत दुधाच्या किटल्या मावत्यात चिक्कार. गावाचं दूध सकाळी पुन्याच्या डेअरीत टाका, शालनला कालेजात सोडा. दुधावर डिझेल निघंल." बाबांनी बराच वेळ तंबाखू चोळली. वाघाचं गुरगुरणं जाणार, ट्रॅक्टरसारखं धडधडणं येणार, हे त्यांना कळत होतं. पण हो म्हणाले. मामा एका रविवारी टेम्पोत इंजिन टाकून आला. शेवग्याच्या शेजारी तीन लाकडं उभी करून, चेनकप्पीने जुनं इंजिन वर काढलं आणि नवं खाली सोडलं. पुढचे दोन रविवार नट आवळण्यात गेले. इंजिन सुरू झालं तेव्हा अख्खा वाडा गोळा झाला, कोंबड्या माळ्यावर चढल्या, आणि आईने कानांत बोटं घातली.

मग मामा बॉनेट लावायला गेला, आणि बॉनेट लागेना. डिझेल इंजिन अंगाने उभट, वर त्याचं हवेचं डबडं. बॉनेट वीतभर उघडं राहू लागलं. दोरीने बांधून गाडी चालवावी तर वाऱ्याने उडून काचेवर आदळणार, आणि असली तोंड वासलेली गाडी पासिंगला कोण पास करणार? मामा म्हणाला, "सोपं हाय. मधी चौकोन कापायचा, वरनं पत्र्याचा उंचवटा बसवायचा." बाबा ताटावरून उठले. अन्नावरून ते कधी उठत नसत. "बानेटला करवत? आरं, मी त्याच्यावर माशी बसू दिली न्हाई कदी." त्यानंतर कित्येक दिवस त्या विषयावर ते कोणाशी बोलले नाहीत. रोज सकाळी ते उघडं बॉनेट पुसायचे, आणि मे महिना चालला होता. मी चुलीपुढे बसून आईच्या पाठीकडे बघायचे. मला बाबांचा राग यायचा. एका पत्र्यापायी पोरीचं आयुष्य अडवून धरायचं म्हणजे काय! आणि दुसऱ्या घटकेला त्यांचा हात त्या पत्र्यावरून फिरताना दिसला की तो राग टिकायचाही नाही.

मारुंजीची माणसं बघायला आली. मुलाचे काका, मामा आणि एक म्हातारी. पोहे झाले, चहा झाला. म्हातारीने मला उभं करून, मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "बया, माळ्यावरचं काडायला शिडी नगं आमाला." सगळे हसले, मीही हसले. वाईट नव्हती माणसं. मुलाच्या काकांनी अंगणात जाऊन गाडीला प्रदक्षिणा घातली, चहाची कपबशी बॉनेटवर ठेवली आणि म्हणाले, "डायवर, शिक्षान झालं तेवढं लई झालं हो. आमच्याकडं काय, भात काडायचा नि म्हशी. हिसाब आला म्हंजी बास." बाबांनी कपबशी उचलली, सदऱ्याच्या बाहीने तिथला ओला गोल पुसला आणि पाहुण्यांना एस. टी.पर्यंत पोचवून आले.

आल्या आल्या त्यांनी मला अंगणात बोलावलं. "शालन, खरं सांग. कालेजात जायचंच हाय का? का आपलं मैतरनी जात्यात म्हनून?"

"जायचंच हाय, बाबा."

"माज्या गाडीवर करवत चालनार हाय. म्हनून इचारतो. मागनं कंटाळा आला म्हनशील तर तंगडी तोडीन."

"न्हाई म्हननार."

त्या रविवारी त्यांनी मामाला करवतीला हात लावू दिला नाही. स्वतः खडूने चौकोन आखला, छिन्नीने भोक पाडलं आणि करवत घातली. पत्रा जाड, अस्सल. कर्रकर्र आवाजाने वाड्यातली कुत्री केकाटायला लागली. बाबा मध्येच थांबायचे, घाम पुसायचे, पुन्हा सुरू करायचे. कापलेला तुकडा त्यांनी फेकला नाही, आत नेऊन भांड्यांच्या फळीमागे ठेवला. आई हळूच म्हणाली, "हाताला लागलं का?" ते म्हणाले, "हाताला न्हाई."

आता उंचवटा. मामाला उलटं घमेलं बसवल्यासारखं काहीतरी चाललं असतं. बाबांना नाही. साहेबांच्या बंगल्यात कधीतरी त्यांनी परदेशी मासिकात शर्यतीच्या गाड्यांचे फोटो बघितले होते, बॉनेटवर पुढे तोंड उघडलेलं नाक असलेल्या. त्या नाकातून वारा थेट इंजिनात घुसतो, हे साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. "कापलीच हाय तर कुबड नगं. नाक पायजे. गाडी तशीच आल्यागत दिसली पायजे," हे त्यांनी पौडच्या इस्माईलचाचांना निक्षून सांगितलं. चाचा बादल्या, धान्याच्या कोठ्या, पन्हळी करायचे. त्यांनी आयुष्यात गाडीचं नाक केलेलं नव्हतं, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आमच्याच अंगणात निखारे फुलवून बसले. बादलीला घालतात तशी कडेने तार घालून पत्रा दुमडला, आत पावसाचं पाणी घुसेल म्हणून तोंडाच्या आत एक छोटी पन्हळ काढली, चिमण्या शिरतील म्हणून जाळी लावली. आमच्याकडचा पाऊस त्यांना ठाऊक होता. मामा म्हणत होता, "इंजिनला चार बोटं बास हाईत." बाबा लांब उभे राहून, डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "वाईच उंच कर, चाचा." चाचा उंच करत. "अजून वाईच." असं दोन दिवस चाललं. बाबा कधी पुढून बघत, कधी बाजूने, कधी पार गोठ्यापाशी जाऊन. रंग लावून झाला तेव्हा ते नाक खरंच गाडीचंच वाटायला लागलं. एवढ्या दिवसांत आत बसून मात्र एकदाही कोणी बघितलं नाही. तयार नसलेल्या गाडीत, मळक्या कपड्यांनी बसायचंच नव्हतं ना!

कॉलेज उघडायला थोडेच दिवस होते. बाबांनी अंघोळ केली, युनिफॉर्म घातला, टोपी नीट केली. आईने लुगडं बदललं. चाचा, मामा, वाडा, सगळे उभे. बाबांनी दार उघडलं, सीटवर बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघितलं. बघतच राहिले. मग हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली. आईने पदर डोळ्यांना लावला. मलाही हुंदका आला. मामा खिडकीशी गेला आणि म्हणाला, "दाजी, भरून आलं व्हय?"

"भरून कुटं येतंय, गाढवा! रस्ता दिसत न्हाई!"

बाबा बुटके होते. चांगलेच बुटके. एरवी कोणाच्या ध्यानात यायचं नाही, कारण आवाज मोठा. गाडी मुळात बसकी, सीट खोल, आणि आता नाकाच्या टोकापलीकडे त्यांना फक्त शेवग्याचा शेंडा दिसत होता. आई गोधडीच्या चार घड्या करून घेऊन आली. त्या घालून बसले तर रस्ता दिसला, पण पाय क्लचला पुरेनात. मामाने पॅडलला लाकडं बांधून बघितली, ती पहिल्याच दाबाला निसटली. आधी वाडा हसत होता, मग हसायचं थांबला. "नाक चार बोटं खाली घिऊ," मामा म्हणाला. बाबा उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली. "एकदा करवत चालली. पुन्यांदा न्हाई."

"आन मग चालवनार कोन? मला गॅरेज हाय, दाजी. रोज येनार कसा?"

एवढं सगळं होऊन शेवटी मारुंजीच, असं मनात आलं, आणि तिथेच, सगळ्यांसमोर मी रडायला लागले. बाबांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. असं त्यांनी पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं.

"रडतीस काय? जा, अंघूळ करून ये. धुतलेलं पातळ नेस नि बस हितं."

मी बसले. मला सगळं दिसत होतं. नाक दिसत होतं, नाकाच्या पलीकडचा रस्ता दिसत होता, ओढा दिसत होता.

शिकण्याचे ते दिवस मी लांबवून सांगत नाही. गावामागच्या पडीक माळावर बाबा शेजारी बसून, खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचे आणि मी चालवायचे. "क्लच, क्लच! दमानं! म्हस हाकतीस का काय?" मी दोनदा बांधावर चढवली. पोरं बघायला जमायची आणि टाळ्या वाजवायची. शिकाऊ लायसन निघालं, कॉलेजचे पहिले काही दिवस बुडाले, आणि मग एका सकाळी आम्ही निघालो. पिरंगुटच्या चढाला मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. एक ट्रकवाला शेजारून जाताना इतका वाकून बघायला लागला की तोच खड्ड्यात जायचा. आज त्याच रस्त्यावर मुली वाट्टेल त्या गाड्या चालवत असतात, भूगावला आता झालेल्या उंच इमारतींमधून भराभर बाहेर पडतात, कोणी मान वळवत नाही. चांगलं आहे.

दूध आमच्या गाडीतून द्यायला वरच्या आळीतलं आधी कोणी तयार होईना. तोंडावर कोणी काही बोललं नाही. "बघू की," म्हणायचे, आणि आम्हांला त्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. मग पावसात एस. टी. अडकायला लागली, एस. टी.त दूध नासायला लागलं, आणि 'बघू की' संपलं. रोज सकाळी किटल्या आमच्या दारात यायला लागल्या. डेअरीत दूध टाकायचं, मग कॉलेज. बाबा फाटकाबाहेर झाडाखाली, रिकाम्या किटल्यांशेजारी, युनिफॉर्म घालून दिवसभर बसायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, "गाडीबरूबर आलोय."

पहिलं वर्ष सरलं तसं आईने पुन्हा विषय काढला. मारुंजीवाल्यांनी दुसरीकडे जमवलं होतं, पण स्थळांना काय तोटा! "एक साल झालं की," ती बाबांना म्हणाली, "हौस फिटली. आता उरकून टाकू." ही बातमी वरच्या आळीत गेली, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यांत जास्त दूध घालणारे नाना दारात हजर. आमच्या अंगणात त्यांनी पाऊल टाकलेलं ते पहिल्यांदाच. "डायवर, पोरीचं लगीन काडलंय म्हनं? मंग आमच्या दुदाचं काय?" आई आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. विषय मिटला.

दिवाळीच्या सुटीत वसंतमामा आला, हत्यारांची पिशवी घेऊनच. मी आत चहा करत होते. मामा बाबांना म्हणाला, "दाजी, आता निवांत हाय. रंग बी आनलाय. नाक चार बोटं खाली घेतो, कुनाला कळनार बी न्हाई. तुमी चालवा की पुन्यांदा. तुमाला रोज शेजारी बसल्यालं मला बघवत न्हाई."

बाबा म्हणाले, ते मी चहा ओतायचं थांबवून ऐकलं.

"वसंता, चांगलं न्हाई का वाटनार मला? जलम गेला त्या चाकावर. पर त्ये नाक खाली आलं, की दूध मी बी नेईन. आन दूध मी न्यायला लागलो, की हिला घरात बसवायला कुनाचीच आडकाठी ऱ्हायाची न्हाई. तुजी बहीन बसवील, आत्या बसवील, एकांद्या दिशी मी बी बसवीन. मानूसच हाय मी. ऱ्हाऊ दे नाक. पिशवी ठीव तिकडं."

मी चहा घेऊन बाहेर आले. पुढे मी बी. एस्सी. झाले, पौडच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, लग्नही माझ्या मनाने केलं. बाबा त्या गाडीच्या स्टिअरिंगवर पुन्हा कधी बसले नाहीत. शेजारी बसायचे, टोपी मांडीवर ठेवून, आणि मी गियर टाकला की दर वेळी म्हणायचे, "दमानं."